आईंच्या रंगपेटीचा क्रम

फेब्रुवारी संपत आला की मी एक यादी करते. रजया दोन दिवस उन्हात टाकायच्या, हीटर पुसून माळ्यावर ठेवायचे, कोट धुवायला द्यायचे, लोकरी मोज्यांच्या जोड्या लावून पिशवीत भरायच्या. दिल्लीत थंडी गेली की अर्धं घर कपाटात जातं आणि अर्धं बाहेर येतं, त्यामुळे यादीशिवाय भागत नाही. तीन वर्षांपूर्वी या यादीत अकराव्या क्रमांकावर मी लिहिलं होतं: आईंची रंगपेटी.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या आणि पुढे एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. मयूर विहारमधल्या सोसायटीत आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. मागच्या बाजूच्या बाल्कनीत त्यांचं टेबल आणि खुर्ची. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही, वाळत घालायचे कपडेसुद्धा नाहीत, असा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. ती जागा मी आल्यापासून माझ्या डोळ्यांत सलत होती, पण नियम नियम आहे.

त्यांची रंगपेटी म्हणजे पांढऱ्या एनॅमलची पत्र्याची पेटी. आत बारा कप्पे, सहा-सहाच्या दोन ओळींत. ट्यूबमधला रंग कप्प्यात पिळून ठेवायचा, तो वाळतो, आणि लागेल तेव्हा ओल्या ब्रशनं उचलायचा. पेटीची दशा बघवत नव्हती. प्रत्येक कप्प्यात शेजारच्याचा रंग सांडलेला, कडांना थर चढलेले. क्रमाला तर काही अर्थच नव्हता. तपकिरीशेजारी निळा, त्याच्याखाली पिवळा, मग पुन्हा दुसराच कुठला तपकिरी. शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलेल्या कुणालाही ते खटकलं असतं.

आई आठ दिवस नाशिकला बहिणीकडे गेल्या होत्या. मी पेटी कोमट पाण्यात भिजवली, जुन्या टूथब्रशनं आणि भांड्याच्या साबणानं घासली, उन्हात वाळवली. मग खणातल्या ट्यूबा काढून बाराही कप्पे ताजे भरले. आधी दोन तपकिरी नि काळा, मग तानापिहिनिपाजा उलटं: जांभळा, निळे, हिरवे, पिवळे, नारिंगी, तांबडे. झाकणावर कुठल्या कप्प्यात काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवली. अकराव्या कामापुढे बरोबरची खूण केली आणि मला फार समाधान वाटलं.

आई परत आल्यावर चहा व्हायच्या आधीच मी पेटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडली. कप्प्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला.

"चकाचक केलीस की."

"क्रमानं लावलेत आई. आता शोधायला नको."

त्यांनी झाकण लावून टाकलं. मग म्हणाल्या, "बरं केलंस."

मला वाटलं, भारावल्या.

त्याच्या आदल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडद्याचा मधला भाग झिजतोय. यावर औषध नाही, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू पुसट होईल. आम्ही घाबरलो होतो. पण घरी आल्यावर आई नेहमीसारख्याच वागल्या. भाजी निवडायच्या, जिन्यात कुणी भेटलं की बोलायच्या, बाल्कनीत बसायच्या. विचारलं की म्हणायच्या, "नंबर वाढलाय चष्म्याचा, दुसरं काय." आम्हाला ते ऐकायला सोयीचं होतं. नवरा आणि मी दोघंही सरकारी नोकरीतले, सकाळी आठच्या मेट्रोनं जाऊन संध्याकाळी सातला घरी. त्या माणसं पावलांवरून ओळखत होत्या हे मला खूप नंतर कळलं.

सोसायटीच्या मागच्या गेटपाशी सावरीचं मोठं झाड आहे. मार्चमध्ये त्याला एक पान नसतं, नुसती लाल फुलं. आई दरवर्षी मार्चमध्ये त्या झाडाचं एक चित्र काढत. एकच, पण दरवर्षी. त्या झाडाच्या नावावरून त्यांचा आणि माझ्या मुलीचा एक कायमचा वाद आहे.

"सावर म्हण गं. सेमल काय सेमल."

"आजी, कॅबवाल्याला सावरच्या गेटवर ये सांगू का? तो बिचारा नोएडाला जाऊन पोचेल."

त्या मार्चमधल्या एका रविवारी आई सकाळी नऊलाच बाल्कनीत बसल्या. मी दोन तासांनी त्यांचा दुसरा चहा घेऊन गेले. चित्र जवळजवळ झालं होतं. आकाशाला त्यांनी नेहमीप्रमाणे हात लावला नव्हता. दिल्लीचं आकाश कागदाच्याच रंगाचं असतं, त्यावर रंग कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. फांद्या जिथे हव्या तिथे होत्या. पण खोड गडद हिरवं होतं आणि सगळ्या झाडावर जांभळट निळी फुलं होती.

चहाचा कप हातात धरून मी उभी राहिले. त्यांनी मान किंचित कलती करून विचारलं, "फुलं जास्त नाही ना झाली?"

"नाही. छान झालंय," मी म्हणाले, आणि आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. ऑफिसमध्ये कुणाच्या टिपणातली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही अशी माझी ख्याती आहे. चूक दिसली की सांगायची, पेन्सिलनं, समासात. घरात मला ते जमलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला मुलगी उठली. तोंडात टूथब्रश धरूनच ती बाल्कनीत गेली.

"आजी, निळा सेमल? सॉलिड आहे यार. एकदम मॉडर्न."

"निळा?" आई म्हणाल्या.

"म्हणजे ब्लू-पर्पल टाइप. मुद्दाम केलंस ना?"

आईंनी विचारलं, "आणि खोड?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी दारातच होते. "हिरवं," ती हळूच म्हणाली.

आईंनी ब्रश फडक्याला पुसला, दोन बोटांनी त्याचं टोक नीट केलं, तो बरणीत उभा ठेवला आणि पेटी बंद केली. मग दाराच्या दिशेनं तोंड करून मला म्हणाल्या, "तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग छान कशाला म्हणालीस?"

मुलीनं वातावरण सावरायला म्हणून सांगितलं की हे आपण फ्रेम करू, लोक असंच तर आजकाल काढतात.

"चुकलेलं चित्र चुकलेलंच," आई म्हणाल्या. "तुम्ही त्याला मॉडर्न म्हटलंत म्हणून ते बरोबर होत नाही." आणि कागद टेबलावरून काढून माझ्यापुढे धरला. "मागची बाजू कोरी आहे. तुझ्या याद्यांना होईल."

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. सहा-सात महिने झाले, गडद रंगांतला फरक कळत नव्हता. फिका-गडद कळायचं, लाल-निळा नाही. "पण अडत नव्हतं. रंग दिसत नव्हते तरी जागा पाठ होत्या. चाळीस वर्षं हात तिथेच जातोय."

"मग पेटी दाखवली तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू एवढी घासून आणलीस. आणि सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, नव्या जागा करू पाठ. तुझ्या चिठ्ठीवरची अक्षरं काही वाचता येईनात."

"आम्हाला विचारायचं ना."

"हो, आणि मग तुम्ही मला खुर्चीत बसवून टीव्ही लावून दिला असतात."

मला कुणीच दोष दिला नाही. नवरा म्हणाला, "तुला काय माहीत?" मुलगी म्हणाली, "मम्मा, तू हेल्पच करत होतीस." ते खरं होतं, आणि त्याचा काहीच उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईंनी रंगपेटी, ब्रश आणि कागदांचा गठ्ठा माझ्याकडे दिला आणि रजयांबरोबर माळ्यावर टाक म्हणाल्या. "आता पुरे झालं. पुष्कळ काढली." मी ते माळ्यावर ठेवलं नाही, माझ्या कपाटात ठेवलं. पण त्या बाल्कनीत जायच्या थांबल्या. हॉलमध्ये सोफ्याच्या कोपऱ्यात बसायच्या आणि दिवसातून चार-पाच वेळा वेळ विचारायच्या. मी ऑफिसमधून फोन केला की म्हणायच्या, "काही नाही, बसलेय." चित्रं काढत होत्या तेव्हा माझा फोन त्यांनी दुपारी कधी धड घेतला नव्हता. "मधे नको गं," म्हणून ठेवून द्यायच्या. आता पहिल्याच घंटेला उचलायच्या. मला ते सोसेना.

मी यादी केली. वर शीर्षक: आईंची चित्रं पुन्हा सुरू. खाली नऊ गोष्टी. टेबलावर जास्त उजेडाचा दिवा. स्टँडवरचं भिंग. ट्यूबांवर ठळक आकडे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत. असंच पुढे. एकेक करून त्या साऱ्यांचा निकाल त्यांनी लावला. दिवा लावला तर कागद चमकतो. भिंगातून फांदीचा तुकडा दिसतो, झाड कुठे आहे? आकड्यांबद्दल म्हणाल्या, "मी चित्र काढू की हिशेबाच्या वहीत आकडे शोधू?" दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांचंच मत दिलं, फक्त जास्त वेळ बसवून. नवव्या क्रमांकावर मी सगळ्यात सोपी गोष्ट लिहिली होती: रंग जुन्या जागी परत लावणे.

"आई, जुना क्रम सांगा. मी लावते."

"मला काय माहीत? हाताला माहीत आहे."

मला वाटलं, टाळताहेत. पण त्या खरंच आठवून बघत होत्या. "वर डावीकडे आकाशी... नाही, तिथे गेरू. का गेरू खाली?" थोड्या वेळानं त्या थकल्या. नवऱ्यानं सगळ्यांचे फोन धुंडाळले. रंगपेटीचा एक फोटो सापडला, त्यात मुलीनं सेल्फी काढताना पेटीवर स्वतःचा हात ठेवला होता. कप्प्यांच्या कडांवर जुन्या रंगाचा डाग तरी असेल म्हणून मी भिंग लावून पाहिलं. तेच भिंग, आईंनी नाकारलेलं. डाग एक नव्हता. मी फार चांगली घासली होती.

मग मी त्यांची जुनी चित्रं काढायचं ठरवलं. निदान त्या कुठले रंग कशात मिसळतात ते कळेल. दिवाणात एक मोठी पेटी होती. त्यातली सावरीची चित्रं वेगळी केली, एकतीस निघाली. मागे पेन्सिलनं साल होतं. एका रविवारी सोफे सरकवून मी ती हॉलच्या जमिनीवर ओळीनं मांडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेले.

पंचवीस वर्षं मी त्या घरात होते आणि मला वाटायचं की आई दरवर्षी तेच चित्र काढतात. पहिल्या चित्रात प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या होत्या. मी मोजलं, एकशे चाळीस फुलं, सगळी माझ्याकडे बघणारी, वर्गात शिस्तीनं बसवलेल्या मुलांसारखी. आठव्या-नवव्या चित्रात काही फुलांनी पाठ फिरवली होती. बाराव्यात पहिल्यांदा झाडाखालच्या जमिनीवर पडलेली फुलं आली. पंधरावं चित्र वाईट होतं, चिखलासारखं, आणि त्यापुढच्या दोन वर्षांची चित्रंही तशीच. मग अचानक अठरावं, ज्यात फांद्यांच्या मधली मोकळी जागा दिसायला लागली. शेवटच्या चार-पाच चित्रांत वीसेक लाल ठिपक्यांहून जास्त काही नव्हतं, आणि त्या झाडाखालून गेलं तर फूल डोक्यात पडेल असं वाटत होतं.

"काय करतेयस जमिनीवर?" आईंनी सोफ्यावरून विचारलं.

"तुमच्या सावरी मांडल्यात. आई, हे पंधरावं असं का?"

त्यांना ताबडतोब कळलं कुठलं. "तेव्हा मला वाटायला लागलं होतं की मला येतं. तीन वर्षं गेली ते विसरायला."

"आणि फुलं कमी का होत गेली?"

"सगळी काढायची गरज नाही हे कळायला वेळ लागतो. तुला नाही कळायचं, तू भाजीच्या पिशवीतल्या मिरच्यासुद्धा मोजून लिहितेस."

त्यानंतरचा महिना मी रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात बाल्कनीत बसले. जुन्या चित्रातला एक तुकडा घ्यायचा, खोडाचा समजा, आणि कुठले दोन-तीन रंग मिसळले की तो होतो ते कागदावर लावून बघायचं. जमलं की वहीत नोंद. मी शाळेनंतर हातात ब्रश धरला नव्हता. हे चित्र काढणं नाही, हे शोधकाम आहे, असं मी स्वतःला सांगत होते. आई जाळीच्या दाराआड, आतल्या खुर्चीत येऊन बसायला लागल्या. म्हणायच्या, इथे वारा बरा येतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतून आवाज आला. "ब्रश किती आपटतेस बरणीत? ताक घुसळतेयस का?"

मी हळू बुडवला.

"पाणी कमी घेतलंस. कागद खरखरतोय."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरं एका वर्गात होती. सगळ्यांचं तोंड कुठे बघत बसणार?"

असं रोज चालायला लागलं. त्या कानानं शिकवायच्या. घाईनं लावलेला रंग, दोनदा गिरवलेली रेघ, सगळं त्यांना कळायचं. पुढे त्या विचारायला लागल्या. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली कुठल्या रंगाची आहे?

"काळी."

"नीट बघ."

"करडी?"

"ऑफिसमध्ये पण न बघताच सह्या करतेस का?"

मी पाच मिनिटं टाकीकडे पाहिलं. सावली निळसर होती, खालच्या कडेला जरा तांबूस, कारण गच्चीची वीट तिथे उजेड परत फेकत होती. मी ते सांगितलं. त्या दिवशी आईंनी मेट्रोची वेळ होईपर्यंत मला उठू दिलं नाही. बावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की मी गोष्टी ओळखते, बघत नाही. टाकी म्हणून ओळखली की माझं काम संपत होतं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मला खोडाच्या उन्हातल्या बाजूचा रंग जमेना. आई वैतागून म्हणाल्या, "अगं, आधी हा घ्यायचा, मग याचा जरासा," आणि आतल्या आत, जाळीमागे, त्यांचा उजवा हात हवेत दोन ठिकाणी गेला. खाली डावीकडे, मग वर मधोमध. मी म्हटलं, "पुन्हा सांगा." हात पुन्हा गेला. त्याच दोन ठिकाणी.

मी ऑफिसला उशिरा येते म्हणून फोन केला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं मी फार कमी वेळा केलंय. मग पेटीतले सगळे रंग काढून टाकले आणि ती पुन्हा धुतली.

"पुन्हा धुतेयस? हौस फिटली नाही का?"

बाराही कप्प्यांत मी साधं पाणी भरलं. टेबलावर कोरा कागद लावला, आईंना हात धरून बाल्कनीतल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या हातात त्यांचा ब्रश दिला.

"आई, सावर काढा. पाण्यानं."

"वेड लागलंय तुला."

"मी फक्त हात बघणार. तुम्ही काय काढताय तेवढं सांगत जा."

त्या बराच वेळ ब्रश धरून बसल्या. खाली भाजीवाला ओरडून गेला. मग म्हणाल्या, "मधे बोलायचं नाही." आणि त्यांनी सुरुवात केली.

कागदावर पाण्याची ओली चमक उमटायची आणि अर्ध्या मिनिटात वाळून जायची. त्या म्हणायच्या, "खोड, उन्हाची बाजू," आणि ब्रश खालच्या ओळीतल्या पहिल्या कप्प्यात जायचा, मग वरच्या तिसऱ्या. "सावलीची बाजू." वरचा तिसरा, मग खालचा दुसरा. मी वहीत बारा चौकोन आखले होते आणि खुणा करत होते. कुठला भाग कुठल्या रंगांनी होतो ते महिनाभराच्या माझ्या नोंदीत होतं. त्यांचा हात जागा सांगत होता, माझी वही रंग. फुलांपाशी ब्रश न अडखळता वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला गेला. माझ्या क्रमात तिथे मी गडद निळा ठेवला होता.

सावर संपल्यावर त्या थांबल्या नाहीत. यमुनेच्या खादरातलं, पूर ओसरल्यावर पिकतं त्या पट्ट्यातलं, मोहरीचं शेत काढलं. वेलीवरचे भोपळे काढले. सासऱ्यांचा हिरवा स्वेटर काढला, आणि तो काढताना जरा जास्त वेळ लावला. कागद प्रत्येक वेळी कोराच्या कोरा. दुपार झाली. माझ्या बारापैकी दहा चौकोन भरले होते.

"दोन कप्प्यांत तुमचा हात एकदाही गेला नाही," मी म्हणाले. "वरचा दुसरा आणि खालचा पाचवा."

आई हसल्या. त्या महिन्यात पहिल्यांदाच. "म्हणजे त्या दोन रंगांना मी उगाच पोसत होते."

"तिथे काय ठेवू?"

"तू ठरव. तू पण रोज बसतेस इथे."

दहा कप्पे मी जुन्या जागांप्रमाणे भरले, उरलेल्या दोनांचं ठरवायला मला तीन दिवस लागले. एकात मी गच्चीवरच्या सावल्यांसाठी करडा निळा भरला. दुसऱ्यात विटांचा फिका तांबूस. त्या दोन रंगांशिवाय माझं एक पान पुढे जात नव्हतं.

पुढच्या रविवारी आई सकाळी स्वतःहून बाल्कनीत आल्या, भिंतीला हात लावत. सावरीची फुलं केव्हाच संपली होती. बोंडं फुटून कापूस सुटला होता, जाळीला, टेबलाला, आईंच्या केसांना चिकटत होता. हा हंगाम त्यांनी एकदाही काढला नव्हता. त्यांनी झाडाकडे सरळ न बघता मान उजवीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"सरळ बघितलं की झाड जातं," त्या म्हणाल्या. "असं बघितलं की येतं. बारीक काही नाही, पण केवढं आहे ते कळतं."

पहिला कागद फुकट गेला. मान वळवलेली असताना हात कागदावर कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या कागदावर त्यांनी डाव्या हाताचं बोट खोडाच्या जागी टेकवून ठेवलं आणि सगळं त्या बोटापासून मोजत गेल्या. या वयात त्या एक नवीन पद्धत बसवत होत्या, चुकत होत्या, स्वतःवर चिडत होत्या. मी शेजारी स्टूलवर होते. त्यांचा हात वरच्या ओळीतल्या दुसऱ्या कप्प्यावरून गेला, थांबला, आणि परत तिथे आला.

"हा कुठला?"

"करडा निळा. मी ठेवलाय."

"मी इथे हा कधीच ठेवला नसता." त्यांनी ब्रश त्यात बुडवला, कापसाखालच्या सावल्या लावल्या, पुन्हा बुडवला.

तासाभरानं त्या मागे टेकल्या. झाड मोठं होतं, कागदाबाहेर जाणारं, पूर्वीच्या एकतीसपैकी एकासारखंही नाही. कापसाच्या जागी त्यांनी कागद नुसता सोडून दिला होता.

"बोल," त्या म्हणाल्या.

मी नीट पाहिलं. घाई केली नाही. "खोड बरोबर आहे. कापूस कळतोय. डावीकडची खालची फांदी खोडाला लागलेली नाही, हवेत आहे."

"किती?"

"बोटभर."

"दाखव."

मी त्यांचं बोट धरून फांदीच्या टोकावर ठेवलं, तिथून खोडापर्यंत नेलं आणि परत आणलं. त्यांनी हात सोडवून घेतला, ब्रश खालच्या पहिल्या कप्प्यात नेला, मग वरच्या तिसऱ्या, आणि एका रेघेत फांदी खोडाला जोडली.

"लागली?"

"लागली."

"मग बसून काय राहिलीस? दुसरा कागद लाव. आणि तुझ्यासाठीपण एक घे, बघत बसून कुणी शिकत नाही."